ग्लेशियर पार्कचा गोइंग-टू-द-सन घाट: गाड्या सुरू व्हायच्या आधी सायकलने जायचंय

चाकोरीबाहेर

मंडळी, मोंटॅनातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर एप्रिलपासून बर्फ उपसायचं काम चालतं. गाड्या जून-जुलैत सोडतात, पण तोवर जेवढा रस्ता मोकळा झाला असेल तेवढ्यावर सायकलवाल्यांना जाऊ देतात, असं कळलंय. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिएटलहून जायचा बेत आहे.

आम्ही तिघं. माझी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) सायकल: पुढे लहान चकती ३४ दात्यांची, मागे ११ ते ३४ दात्यांच्या, डिस्क ब्रेक, ३८ मिमी टायर. बायकोची हायब्रिड: व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे), ३२ मिमी टायर, मागे मोठी चकती ३२ ची. बाबा पुण्याहून येतायत, वय ६४. तिकडे रोज पंचवीसेक किलोमीटर साधी सायकल चालवतात. त्यांच्यासाठी इथे ई-बाइक भाड्याने घ्यावी म्हणतो.

लोगन पासपर्यंत (वरच्या खिंडीपर्यंत) पोचता येईल का? आठवड्याचा कुठला दिवस धरावा? चढ बाबांना झेपेल का? आणि अस्वलांचं काय करायचं? पार्कचं पान वाचलं, पण त्या दोन-दोन 'क्लोजर'मध्ये डोकं फिरलं.

रानभूल

आधी तो घोळ मिटवू, निम्मे लोक तिथेच फसतात.

तुम्ही पश्चिमेकडून, म्हणजे वेस्ट ग्लेशियरकडून जाणार. गाडीचं फाटक सुरुवातीला लेक मॅकडोनल्ड लॉजला असतं, पुढे अॅव्हलांच क्रीकला सरकतं. फाटकापलीकडे सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना दोन वेगळ्या बंदी लागू होतात.

पहिली रोड क्रू क्लोजर. बर्फ काढणारी माणसं आणि यंत्रं कामावर असतात तेव्हाच ती लागू. साधारण सोमवार ते गुरुवार किंवा शुक्रवार. वर डोझर आणि बर्फ फेकणारी यंत्रं चालतात, दगड खाली येतात, म्हणून त्या दिवसांत बरंच खाली थांबवतात.

दुसरी हायकर-बायकर क्लोजर. ही हिमस्खलनाच्या धोक्यामुळे असते आणि चोवीस तास, शनिवार-रविवारीसुद्धा लागू असते. सुट्टीच्या दिवशी क्रूची पाटी उठली तरी ही उठत नाही. "आज रविवार, वर कोणी नाही" म्हणून पाटी ओलांडणारे दरवर्षी निघतात. दंड होतो तो वेगळाच, पण पाटी तिथे असण्याचं कारण डोंगराच्या उतारावर लटकत असतं.

आता कुठवर जाता येईल. मेअखेरीस कधी लूपला (चढावरच्या मोठ्या वळणाला) पाटी असते, कधी बिग बेंडला, कधी खिंडीच्या अलीकडे ऑबर्लिन बेंडला. काही वर्षी थेट लोगन पास. हे त्या हिवाळ्यातल्या बर्फावर आणि वसंतातल्या पावसावर ठरतं, आज कोणी सांगू शकणार नाही. पार्कच्या रस्ता-स्थितीच्या पानावर दोन्ही बंदी कुठल्या ठिकाणापासून आहेत ते रोज टाकतात. निघायच्या आदल्या रात्री बघा, सकाळी पुन्हा बघा, आणि तरी शेवटचा शब्द जागेवरच्या पाटीचा. पुढे फोनला रेंज नाही, त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

खिंड ओलांडून पूर्वेला सेंट मेरीला उतरायचा विचार असेल तर तो सोडा. खिंडीच्या जरा पुढे 'बिग ड्रिफ्ट' नावाचा बर्फाचा ढीग साचतो, ८० फुटांपर्यंत जातो. तो अगदी शेवटी निघतो आणि मग लवकरच गाड्याही सोडतात. म्हणजे वर जाऊन त्याच वाटेने परत.

दिवस: शनिवार किंवा रविवार. पण मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे, त्या जोडसुट्टीला अॅव्हलांचचा वाहनतळ सकाळी आठ-साडेआठलाच भरतो. मेमध्ये साधारणपणे शनिवार-रविवारी अॅपगारहून (लेक मॅकडोनल्डच्या खालच्या टोकाची वस्ती) अॅव्हलांचपर्यंत फुकट बस सोडतात, सायकली मागच्या ट्रेलरवर चढवतात. आरक्षण नसतं, रांग असते. ई-बाइक जड पडते, ती ट्रेलरवर घेतात का, हे आधी विचारून ठेवा.

टिवल्याबावल्या

अस्वलांसाठी सायकलला घंटी लावा, काम झालं.

गिअरकाका

टिवल्या, घंटीवर पुढे कोणीतरी बोलेलच. मी चढ आणि सायकलींचं सांगतो.

अॅव्हलांच ते लोगन पास एका बाजूने साधारण १६ मैल, म्हणजे २६ किमी. याचे दोन सरळ तुकडे पाडा. पहिले पाचेक मैल मॅकडोनल्ड क्रीकच्या काठाने लोगन क्रीकपर्यंत जवळपास सपाट. तिथून चढ सुरू होतो, मग पश्चिमेचा बोगदा, मग लूप. लूप हे या बाजूचं एकुलतं एक हेअरपिन वळण. लूपपासून खिंडीपर्यंत ८ मैल (१३ किमी), आणि सुमारे २,३०० फूट, म्हणजे ७०० मीटर उंची. सरासरी साडेपाच टक्के. खिंड ६,६४६ फुटांवर (२,०२६ मीटर) आहे.

रस्ता १९२० च्या दशकातल्या मोटारींसाठी आखला, १९३३ साली त्याचं उद्घाटन झालं. त्यामुळे चढ कुठेही सहाच्या फारसा वर जात नाही. सिंहगडाचा गाडीरस्ता याहून तीव्र आहे. मात्र सिंहगडावर अधूनमधून ढिलाई मिळते, इथे तेरा किलोमीटर एकसारखं दळण. पाय भरतात ते त्या एकसुरीपणामुळे. लूपच्या आधी जोर लावणारा माणूस बर्ड वुमन धबधब्यासमोर कठड्यावर बसलेला दिसतो.

तुमची ३४ पुढे, ३४ मागे म्हणजे पॅडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यात तर ताशी ८ किमी. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले तर त्याला १२० ते १३० वॅट लागतात. लूप ते खिंड पावणेदोन तास आणि थांबे. वहिनींच्या हायब्रिडला पुढे २८ ची चकती असेल तर प्रश्नच नाही. पुढे ४२ ची एकच असेल तर मात्र गुडघे बोलतील. आत्ताच मोजून घ्या. मागची कॅसेट (चकत्यांचा संच) बदलायची तर मागच्या डिरेलरला (चेन सरकवणाऱ्या यंत्रणेला) किती दाते झेपतात ते आधी बघा, नुसती ३६ ची आणून बसवली की चेन सर्वात मोठ्या चकतीवर अडखळते.

ब्रेक. खरं काम उताराला आहे. व्ही-ब्रेक चालतात, पण या रस्त्यावर वितळणाऱ्या बर्फाचं पाणी सतत आडवं वाहत असतं आणि त्यात बारीक खडी. ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्या ब्रेक लागतच नाही, मग एकदम पकडतो. खडीचे कण रबरात रुततात आणि रिम करवतीसारखी खातात. म्हणून जायच्या आधी: पॅडच्या खाचा अजून दिसतायत ना बघा, नसतील तर नवे टाका. रुतलेले कण टाचणीने काढा. रिम स्पिरिटने पुसा. केबलच्या टोकाचा ताणस्क्रू अर्धा फेरा बाहेर काढता येईल इतका मोकळा ठेवा, कारण दिवसभरात पॅड झिजून लिव्हर हँडलला टेकायला लागते. तुमच्या डिस्कला पॅडवरचा माल १ मिमीच्या खाली असेल तर बदला. नवे पॅड घरीच बसवून वीसेक वेळा वेगातून ब्रेक मारून मुरवा, घाटात नव्हे.

उतरताना ब्रेक सतत घासत ठेवायचे नाहीत. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही नीट दाबायचे, वेग पाडायचा, सोडायचे, गार होऊ द्यायचे.

हवा: ३८ मिमी ला ४० ते ४५ पीएसआय, ३२ ला ५५ च्या आसपास. डोंगरातून पडलेल्या दगडांच्या धारदार कपच्या असतात, जास्त हवेने टायर त्यांच्यावर उडतो आणि कमी हवेने ट्यूब चिमटते. माणशी दोन ट्यूब, ठिगळं, हातपंप, टायर लिव्हर, चेनचा एक जोड, मल्टीटूल. वाटेत दुरुस्तीला कोणी नाही आणि बोलवायला फोनही नाही. पंप घरी खरोखर लावून बघा, ट्यूबचा वाल्व्ह प्रेस्टा (बारीक) आणि पंप श्रेडरचा (मोटारीसारखा जाड) निघाला की सगळं सामान शोभेचं.

चाकोरीबाहेर

काका, फारच उपयोगी. बायकोच्या सायकलला पुढे ४८-३८-२८ आहे, म्हणजे सुटलो. बाबांच्या ई-बाइकचं सांगा ना. बॅटरी पुरेल? आणि पार्कात चालते का?

गिअरकाका

चालते. अट एवढीच की जिथे गाड्यांना बंदी आहे तिथे पॅडल न मारता नुसत्या मोटरवर जाता येत नाही. थ्रॉटलवाली (मूठ पिळली की आपोआप पळणारी) सायकल घेऊ नका, फुकट वाद.

बॅटरी: बाबा, सायकल, सामान मिळून ११५ किलो धरा. अॅव्हलांचपासून खिंडीपर्यंत उंची साधारण ३,२०० फूट. एवढं वजन तेवढं वर न्यायला ३१० वॅट-तासांच्या आसपास काम लागतं. अर्धं पायांनी केलं तर मोटरच्या वाट्याला दीडशे, तिच्यातला तोटा आणि सपाटीचं धरून बॅटरीतून अडीचशेच्या आत. ५०० वॅट-तासांची बॅटरी इको (मोटरची कमीत कमी मदत) किंवा मधल्या पातळीवर आरामात पुरते. थंडीत दहा-वीस टक्के कमी धरा. टर्बोवर (जास्तीत जास्त मदतीवर) टाकली तर लूपच्या वर कुठेतरी संपू शकते, आणि मोटर नसलेली २५ किलोची सायकल सहा टक्क्यांवर हा शिक्षेचा प्रकार आहे. दुकानातून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली दाखवते का आणि किल्ली दिलीय का, दोन्ही बघा.

आता महत्त्वाचं, जे भाड्याचं दुकान सांगणार नाही. भारतात उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, अमेरिकेत डाव्या हाताला. बाबांचा हात चाळीस-पन्नास वर्षांच्या सवयीने डावा ब्रेक 'मागचा' समजून जोरात दाबेल. साध्या केबल-ब्रेकवर एक वेळ निभावतं. हायड्रॉलिक डिस्कवर, उतारावर, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक जागीच थांबेल आणि माणूस हँडलवरून पुढे. हायड्रॉलिकच्या नळ्या अदलाबदल करणं दुकानदाराला झंझट आहे, तो करणार नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मोकळ्या वाहनतळावर अर्धा तास सराव: फक्त उजव्या हाताने थांबायचं, मग दोन्ही मिळून. डाव्या लिव्हरवर लाल चिकटपट्टी लावा.

दुसरी सवय बाजूची. समोरून कोणी आलं की आपला माणूस डावीकडे सरतो. तिथे उजवीकडे सरायचं. चढणारे आणि उतरणारे एकाच रस्त्यावर असतात, शिवाय पायी चालणारे आणि लहान मुलं. दोघं एकमेकांना चुकवायला एकाच बाजूला वळले की आपटलेच. बाबांना उतारावर तुमच्या मागे, तीस-चाळीस मीटर अंतर ठेवून, तुमच्याच रेषेत येऊ द्या.

दंवबिंदू

गिअरकाकांनी लोखंडाचं सांगितलं, मी हाडामांसाचं सांगते.

खिंडीत हवा खालच्या लेक मॅकडोनल्डच्या काठापेक्षा ६ ते ८ अंश सेल्सियसने थंड असते. त्यात तुम्ही चढून घामाघूम, आणि मग तासाभराचा उतार, पॅडल न मारता, ताशी तीस-पस्तीसच्या वाऱ्यात. पहिली बधिर होतात बोटं. बोटं बधिर म्हणजे ब्रेक नाही. वर पोचल्यावर पहिलं काम फोटो नव्हे, ओला बनियन बदलणं. माणशी एवढं पिशवीत हवंच: कोरडा आतला थर (लोकरी किंवा पॉलिस्टर, सुती नको), पाणी न शिरणारा विंडचीटर, पूर्ण बोटांचे जाड हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवलेले, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी, कोरडे मोजे. चढताना दुसरे पातळ हातमोजे वापरा, तेच उतरताना घालू नका, ते ओले झालेले असतात. मांडीवर पातळ वॉटरप्रूफ पँट असेल तर सोनंच.

वीपिंग वॉल नावाची कातळाची भिंत आहे, तिच्यातून रस्त्यावर पाणी झरतं. उन्हाळ्यात गंमत वाटते, वसंतात तो चक्क शॉवर असतो आणि रस्त्याचा आतला अर्धा भाग भिजवतो. चढताना आतल्या बाजूने गेलात तर सगळं ओलं. तिच्या अलीकडेच विंडचीटर चढवा, पुढे सरकल्यावर काढा.

बाहेरच्या बाजूलाही बिनधास्त जायचं नाही. जिथे दरवर्षी हिमस्खलन कठडे उखडतं, तिथे लाकडी ओंडक्यांचे कठडे मुद्दाम काढता येणारे केलेत. शरद ऋतूत काढतात आणि बर्फ निघाल्यावर परत बसवतात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा काही ठिकाणी कठडाच नसेल, नुसती कड आणि खाली दरी. फोटोसाठी सायकल टेकवायला तिथे काही नाही, आणि टेकायलाही नाही.

वेळेचं गणित दोन्हीकडून दाबतं. फार पहाटे गेलात तर रात्री गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर सावलीतल्या वळणांवर असतो. डांबर नुसतं ओलं दिसतं आणि चाक निसटतं. फार उशीर केलात तर दुपारच्या उन्हाने वरच्या घळींतला बर्फ पाणावतो, जड होतो आणि घसरतो. अॅव्हलांचहून आठ-साडेआठला निघा, दीड-दोनपर्यंत उतरायला लागा. घळीच्या तोंडाशी रस्त्यावर ताज्या बर्फाचे गोळे आणि मोडक्या फांद्या पडलेल्या दिसल्या तर तिथे थांबून डबा उघडू नका. पुढे निघा, आणि खायला डोंगरधारेखाली, घळीपासून बाजूला बसा. रात्री नऊनंतरही उजेड असतो, म्हणून लोकांना वेळ भरपूर वाटतो. उजेड असतो हो, पण ऊब संपलेली असते.

पाणी आणि खाणं वाटेत काहीही नाही. माणशी दोन लिटर अॅव्हलांचच्या आधीच भरून घ्या, तिथले नळ वसंतात सुरू असतील असं धरू नका. ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका, स्वच्छ दिसलं तरी. बाबांसाठी तासाला मूठभर शेंगदाणा-गुळाची चिक्की आणि थर्मासमध्ये गरम चहा. एनर्जी जेल गारठ्यात घट्ट होतं, हातमोज्यांनी फाटत नाही आणि चवीला भयंकर. त्यापेक्षा गूळपोळी.

परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि पाळा. लूपला पोचायला अॅव्हलांचपासून दोन तासांवर गेले तर खिंडीचा हट्ट नको. लूपवरून हेवन्स पीक हा डोंगर समोर पूर्ण दिसतो आणि तेवढाही दिवस वाया गेलेला नसतो.

रानभूल

आता अस्वल. टिवल्या, घंटी पुरत नाही. काळी आणि ग्रिझली दोन्ही तिथे आहेत, आणि सायकलचा खास धोका असा की ती वेगात येते आणि आवाज करत नाही. अस्वलाला तुम्ही दहा मीटरवर आल्यावरच कळता. नदीचा आवाज मोठा असतो तिथे घंटी तुम्हालाच ऐकू येत नाही. लोगन क्रीकपर्यंतच्या झाडीत, प्रत्येक आंधळ्या वळणाआधी, माणसाच्या आवाजात ओरडायचं. मराठीत ओरडलात तरी चालतं, अस्वल भाषा बघत नाही. उतरताना त्या झाडीत वेग चालण्याच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जास्त नाही.

बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) प्रत्येकाकडे एक, तिघांत एक नव्हे. पाठीवरच्या पिशवीत नको, कमरपट्ट्याला किंवा सायकलच्या चौकटीवर बाटलीसारखा अडकवून. चौकटीवर असेल तर पडल्यावर सायकल एकीकडे आणि स्प्रे तिच्याबरोबर, म्हणून कंबर बरी. फवारा सात-आठ सेकंदांत संपतो आणि साधारण नऊ-दहा मीटर पोचतो. अस्वल अंगावर येत असेल तर तेवढ्या अंतरावर असताना, जरा खाली रोखून, म्हणजे ते ढगातून येईल. वारा कुठून आहे ते बघून. आणि हो, हा डासांच्या औषधासारखा अंगाला किंवा तंबूला मारायचा नसतो, असं करणारे असतात. विमानात हातातल्याच काय, सोडलेल्या बॅगेतही चालत नाही. तुम्ही मोटारीने येणार असाल तर प्रश्न नाही, पण उन्हात बंद गाडीच्या काचेमागे डबा ठेवू नका.

अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकी प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर हा नियम आहे. वर पहाडी बकऱ्या रस्त्यातच उभ्या असतात. थांबा, वाट द्या, घंटी वाजवून हाकलू नका.

चाकोरीबाहेर

उजव्या-डाव्या ब्रेकचं तर डोक्यातही आलं नव्हतं, सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न. त्या आठवड्यात पाऊस लागला किंवा बंदी खालीच राहिली तर? आणि जूनमध्ये ढकललं तर?

रानभूल

बंदी लूपला असेल तरी या. सपाट भाग, बोगदा आणि लूप मिळून बाबांसाठी पूर्ण दिवस होतो. बोगद्यात अंधार आणि ओल असते, मागचा लाल दिवा चालू ठेवा. क्रूच्या दिवशी आलात तर फाटकापासून क्रूच्या पाटीपर्यंतचा खालचाच भाग मिळेल.

पाऊस पडला तर मात्र वर जाऊ नका. पाऊस बर्फावर पडला की बर्फ जड होतो आणि घसरतो, दगडही सुटतात. राखीव म्हणून लागोपाठ दोन दिवस ठेवा आणि शनिवारी हवा बरी असेल तर रविवारची वाट बघू नका.

जूनमध्ये ढकललंत तर खिंड मिळायची शक्यता वाढते, गर्दीही वाढते. पण एकदा गाड्या सोडल्या की हा रस्ता निराळा. तेव्हा जूनच्या मध्यापासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सकाळी ११ ते दुपारी ४ सायकलींना दोन तुकड्यांत बंदी असते: लेक मॅकडोनल्डच्या काठी अॅपगार ते स्प्रेग क्रीक दोन्ही दिशांना, आणि लोगन क्रीक ते लोगन पास चढताना. म्हणजे पहाटे निघून अकराच्या आत खिंड गाठायची.

पुढच्या वर्षी लवकर यायचं असेल तर यलोस्टोनचा विचार करा. तिथे वेस्ट यलोस्टोन ते मॅमथ असा ४९ मैलांचा रस्ता बर्फ काढल्यावर मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांआधी सायकलींना मिळतो. चढ बेताचे, पण बायसनचे कळप रस्त्यावर आणि वारा भयंकर. ओरेगॉनचा मॅकेंझी पास तुम्हाला सिएटलहून बराच जवळ. ५,३२५ फूट, गाड्या जूनच्या तिसऱ्या सोमवारच्या आधी सोडत नाहीत. तिथे ग्लेशियरसारख्या हिमस्खलनाच्या घळी नाहीत, त्यामुळे बाबांची तालीम म्हणून मेच्या मध्यात तो आधी करून बघायला हरकत नाही. डाव्या ब्रेकवरची लाल पट्टी तिथूनच सुरू करा.